वाटीतल्या नाण्यापासून इंद्रधनुष्यापर्यंत: अपवर्तन आणि अपस्करण वर्गात शिकवताना

नववी-दहावीच्या वर्गात अपवर्तनाची व्याख्या विचारली, तर बहुतेक मुले ती न अडखळता सांगतात: प्रकाशकिरण एका पारदर्शक माध्यमातून दुसऱ्या पारदर्शक माध्यमात तिरकस जाताना आपली दिशा बदलतो. त्याच मुलांसमोर पाण्याने भरलेली बादली ठेवून "तळ जिथे दिसतो, तिथेच तो आहे का?" असे विचारले, की वर्ग गप्प होतो. हे अंतर भरून काढायला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. वाटी, परात, आरसा, थोडे गोडेतेल, दुधाचे दोन थेंब आणि खिडकीतून येणारे ऊन एवढ्यावर काम भागते. मात्र प्रयोगांचा क्रम विचारपूर्वक लावावा लागतो. आपण अपवर्तन एका तासाला आणि अपस्करण दुसऱ्या तासाला, दोन स्वतंत्र घटना असल्यासारखे शिकवतो, आणि मुलांचा गोंधळ तिथेच सुरू होतो असे मला वाटते. अपस्करण म्हणजे प्रत्येक रंगाचे थोड्या वेगळ्या प्रमाणात झालेले अपवर्तनच होय. हे सूत्र मनात ठेवून प्रयोग रचले, तर एका प्रयोगातून उरलेला प्रश्न पुढच्या प्रयोगाकडे आपोआप घेऊन जातो.

सुरुवात वाटीतल्या नाण्याने करावी. स्टीलची खोलगट वाटी टेबलावर ठेवून तिच्या तळाशी एक नाणे ठेवायचे. एका मुलाने नाण्याकडे पाहत हळूहळू मागे सरकायचे आणि वाटीच्या काठाआड नाणे जेमतेम दिसेनासे झाले, की तिथेच थांबायचे. आता दुसऱ्याने वाटीत पाणी ओतायचे. ओतण्याआधी काय होईल याचा अंदाज प्रत्येकाने वहीत लिहावा, ही अट मी कधीही सोडत नाही, कारण अंदाज लिहिलेला असला की निरीक्षण नुसती गंमत राहत नाही, त्याला उत्तर द्यावे लागते. पाणी चढत जाते आणि नाणे हळूहळू काठावर डोके काढते. एकदा हा प्रयोग पाहून मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, पाण्याच्या धारेनं नाणं सरकलं असणार." तिची शंका अगदी रास्त होती. आम्ही वाटी कोरडी केली, नाणे मेणाच्या गोळीने तळाला घट्ट चिकटवले, पाणी काठाच्या कडेने सोडले आणि नाणे पुन्हा दिसले. तेव्हापासून मेणाची गोळी माझ्या पेटीत कायमची आहे, पण ती मी आधी बाहेर काढत नाही. शंका मुलांकडून यावी यासाठी थोडी वाट पाहतो.

नाणे जागचे हलले नाही आणि डोळाही हलला नाही, तर मग बदलले काय? इथे फळ्यावर आकृती काढायला एखाद्या मुलाला बोलवावे. हमखास आढळते ते असे, की मुले डोळ्याकडून नाण्याकडे जाणारा बाण काढतात, जणू नजर बाहेर पडून नाण्याला स्पर्श करते. प्राचीन काळी अनेक विद्वानांचीही हीच समजूत होती. प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडे येतो हे अकराव्या शतकात इब्न अल-हैथम या शास्त्रज्ञाने प्रयोगांच्या आधारे ठामपणे मांडले. म्हणून बाणाची दिशा दुरुस्त करण्यात पाच मिनिटे गेली तरी ती सत्कारणी लागतात. बाण नाण्याकडून निघाला, की पुढचे सोपे होते. नाण्यावरून निघालेला किरण पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत सरळ येतो, हवेत शिरताना स्तंभिकेपासून (पृष्ठभागाला त्या बिंदूवर काढलेल्या लंबापासून) दूर झुकतो आणि काठाच्या वरून जाऊन डोळ्यात शिरतो. मेंदूला मात्र किरण वाटेत वळला हे ठाऊक नसते. तो सरळच आला असे धरून मेंदू त्याची रेषा मागे वाढवतो आणि नाणे खऱ्या जागेच्या वर असल्याचे ठरवतो.

गावाकडच्या मुलांना याचा पुरावा अंगावर मिळालेला असतो. विहिरीत पोहायला उतरताना पाण्याखालची पायरी जवळ वाटते आणि पाय टाकला की ती आणखी खाली लागते. सरळ वरून पाहिले तर पाण्याची खोली प्रत्यक्षाच्या सुमारे तीन चतुर्थांश दिसते, म्हणजे ४ मीटर खोल पाणी ३ मीटर भासते. ज्याला पोहता येत नाही त्याच्यासाठी ही चूक जिवावर बेतू शकते, त्यामुळे परीक्षेत प्रश्न येवो न येवो, हे वर्गात स्पष्ट सांगितलेच पाहिजे.

आता मुख्य प्रश्न: किरण का वळतो? याचे उत्तर मैदानावर द्यावे. सात-आठ मुलांनी एकमेकांच्या हातात हात गुंफून एक आडवी, ताठ रांग करायची. टणक जमिनीवरून उंच गवताच्या किंवा वाळूच्या पट्ट्याकडे ही रांग तिरकस चालत जाते. वाळूत पावले लहान पडतात, म्हणून पट्ट्याची कडा आखून तिच्यापलीकडे प्रत्येकाने निम्मेच पाऊल टाकायचे असे ठरवून घेतले तरी चालते. रांगेतले जे टोक आधी कडा ओलांडते ते आधी मंदावते आणि दुसरे टोक अजून जुन्याच वेगाने चालत असते. हात सुटू द्यायचे नाहीत, म्हणून संपूर्ण रांग आपोआप वळते. नंतर तीच रांग कडेला समोरून, काटकोनात नेली, तर सगळी मुले एकाच क्षणी मंदावतात, वेग कमी होतो पण दिशा बदलत नाही. व्याख्येतला "तिरकस" हा शब्द तिथे का आहे, हे मुलांना पायांनी कळते. वळण फक्त कडेवर पडते, पट्ट्याच्या आत गेल्यावर रांग पुन्हा सरळच चालते, हेही त्याच वेळी लक्षात आणून द्यावे.

प्रकाशाच्या बाबतीत हा मंदावण्याचा प्रकार आकड्यांत असा आहे: निर्वातात त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर, पाण्यात सुमारे सव्वादोन लाख आणि साध्या काचेत सुमारे २ लाख किलोमीटर असतो. निर्वातातल्या वेगाला माध्यमातल्या वेगाने भागले की त्या माध्यमाचा अपवर्तनांक मिळतो: पाण्याचा १.३३, काचेचा सुमारे १.५, हिऱ्याचा २.४२. अपवर्तनांक म्हणजे प्रकाश त्या पदार्थात किती पट मंदावतो याचे माप, एवढे एक वाक्य मुलांच्या मनात बसले तर पुढचे सर्व अध्ययन सोपे जाते.

पुस्तकातले "विरल" (जिथे प्रकाश जलद चालतो) आणि "घन" (जिथे तो मंदावतो) हे माध्यमांसाठीचे शब्द इथे फार सांभाळून वापरावे लागतात. मुले त्यांचा अर्थ वजनाशी जोडतात, आणि ती चूक त्यांची नाही, शब्दच तसे आहेत. उंच काचेच्या पेल्यात अर्ध्यापर्यंत पाणी घेऊन त्यावर अलगद गोडेतेल ओतावे. तेल पाण्यावर तरंगते, म्हणजे ते पाण्यापेक्षा हलके आहे. तरीही तेलाचा अपवर्तनांक सुमारे १.४७, म्हणजे पाण्यापेक्षा जास्त, आणि प्रकाश तेलात अधिक मंद चालतो. पेल्यात तिरकी नळी घालून बाजूने पाहिले की हवेतला, तेलातला आणि पाण्यातला असे तिचे तीन तुकडे जागोजागी सरकलेले दिसतात. वस्तुमानाची घनता आणि प्रकाशीय घनता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यानंतर वेगळे समजावण्याची गरज राहत नाही.

याच्या जोडीला औषधाच्या दुकानातून आणलेल्या ग्लिसरीनचा एक लहान प्रयोग करता येतो. बोरोसिलिकेट काचेची परीक्षानळी ग्लिसरीनने भरून ग्लिसरीनच्याच चंचुपात्रात बुडवली की नळीचा बुडालेला भाग जवळजवळ नाहीसा होतो. दोन्हींचा अपवर्तनांक सुमारे १.४७ असल्यामुळे प्रकाशाला कडा जाणवतच नाही. तो वळत नाही आणि परावर्तितही होत नाही, आणि ज्या वस्तूच्या कडेवर प्रकाशाचे काहीच होत नाही ती आपल्याला दिसणार तरी कशी?

मोजमापाचा तास मला विशेष प्रिय आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. आयताकृती पारदर्शक डब्यात पाणी घेऊन त्यात दुधाचे एक-दोन थेंब टाकावेत, म्हणजे पाण्यातली किरणरेषा दिसू लागते, तर वरच्या हवेत उदबत्तीचा थोडा धूर सोडला की तिथलीही रेषा दिसते. लेझर टॉर्च शिक्षकानेच हाताळावी आणि तिचा किरण कोणाच्याही डोळ्यांच्या पातळीवर येणार नाही याची काळजी घ्यावी, कारण बाजारात मिळणाऱ्या टॉर्चची क्षमता तिच्यावर छापल्यापेक्षा जास्त असू शकते. डब्याच्या मागे कोनमापकाची मोठी आकृती चिकटवली, की आपाती कोन (येणाऱ्या किरणाचा स्तंभिकेशी होणारा कोन) आणि अपवर्तन कोन (वळलेल्या किरणाचा स्तंभिकेशी होणारा कोन) वाचता येतात. हवेतून पाण्यात ३० अंशांनी गेलेला किरण सुमारे २२ अंशांवर येतो, ४५ अंशांचा ३२ वर आणि ६० अंशांचा साधारण ४०.५ वर. मुले लगेच भागाकार करतात आणि निराश होतात, कारण उत्तरे १.३६, १.४१, १.४८ अशी वाढत जातात. ही निराशा मोलाची आहे. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातील टॉलेमीने असेच कोन मोजून तक्ता केला होता, पण त्यामागचा खरा नियम त्याच्या हाती लागला नाही.

अशा वेळी कोन बाजूला ठेवून रेषा मोजायला सांगावे. किरण पृष्ठभागावर जिथे पडतो तो बिंदू केंद्र मानून कागदावर एक वर्तुळ काढायचे. वर्तुळाला छेदणाऱ्या आपाती किरणाच्या बिंदूपासून स्तंभिकेपर्यंतचे लंबांतर मोजायचे, तसेच अपवर्तित किरणाचेही मोजायचे आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचे. आता तिन्ही वेळा उत्तर १.३३ च्या आसपास येते. हे लंबांतर म्हणजेच त्रिकोणमितीतले साइन, आपल्या जुन्या गणितग्रंथांतली "ज्या". दहाव्या शतकात बगदादच्या इब्न साह्लला आणि १६२१ मध्ये नेदरलँड्सच्या स्नेलला हा नियम स्वतंत्रपणे सापडला. मुलांना तो पट्टीने सापडतो, आणि ज्या कोनांच्या भागाकाराने त्यांना फसवले त्याच कोनांतून तो निघालेला असल्याने त्यांचा त्यावर विश्वास बसतो.

काचेच्या चिपेचा आणि टाचण्यांचा प्रयोग अभ्यासक्रमात आहेच, त्याची कृती इथे पुन्हा सांगत नाही. मात्र तो संपल्यावर एक प्रश्न आवर्जून विचारावा: चिपेतून प्रकाश दोनदा वळला, तरी रंग का दिसले नाहीत? चिपेच्या समोरासमोरच्या दोन बाजू समांतर असतात. पहिल्या बाजूवर किरण जितका वळतो तितकाच दुसऱ्या बाजूवर उलट वळतो आणि मूळ दिशेला समांतर होऊन बाहेर पडतो. आत वेगळे झालेले रंगही बाहेर पडताना पुन्हा एकमेकांना समांतर होतात आणि त्यांच्यातले अंतर इतके थोडे असते, की ते मिसळलेलेच दिसतात. लोलकाच्या बाजू एकमेकींशी कोन करतात. तिथे दुसरे वळण पहिल्याला रद्द करत नाही, उलट त्यात भर घालते. चीप आणि लोलक यांची काच एकच असते, फरक केवळ आकाराचा असतो.

लोलक नसलेल्या शाळेतही रंग दाखवता येतात, आणि परातीचा प्रयोग मला काचेच्या लोलकापेक्षाही जास्त शिकवणारा वाटतो. सकाळी खिडकीतून थेट ऊन येत असताना परातीत पाणी भरावे आणि त्यात एक लहान सपाट आरसा तिरका टेकवून ठेवावा, अर्धा पाण्यात आणि अर्धा बाहेर. आरशावरचे ऊन समोरच्या भिंतीवर किंवा छतावर पडेल असा आरसा हळूहळू कलवायचा आणि पाणी पूर्ण स्थिर होऊ द्यायचे. भिंतीवर दोन कवडसे पडतात. आरशाच्या कोरड्या भागावरून आलेला कवडसा पांढरा असतो, तर पाण्याखालच्या भागावरून आलेला तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत पसरलेला असतो. एकच आरसा आणि एकच ऊन, मधे फक्त पाणी आले. पाण्याचा सपाट पृष्ठभाग आणि तिरका आरसा यांच्यामध्ये पाण्याची पाचर तयार होते, तोच आपला लोलक. मग एखाद्या मुलाला पाण्याला बोटाचे टोक हलकेच लावायला सांगावे. लाटा उठताच भिंतीवरचे रंग थरथरतात, एकमेकांत शिरतात आणि तिथे पांढरा उजेड होतो. पाणी शांत झाले की ते पुन्हा वेगळे होतात. सूर्याकडे किंवा आरशातल्या सूर्याकडे कोणीही थेट पाहायचे नाही, सर्वांनी भिंतीकडेच पाहायचे, ही सूचना सुरुवातीलाच द्यावी.

काचेचा लोलक वापरणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक सूचना. कागद लोलकाच्या अगदी जवळ धरला तर मध्ये पांढरा पट्टा आणि फक्त कडांना रंग दिसतात, आणि शिक्षकाला प्रयोग फसल्यासारखे वाटते. ६० अंशांच्या साध्या लोलकातून तांबडा प्रकाश सुमारे ३८ अंशांनी आणि जांभळा सुमारे ४० अंशांनी वळतो, म्हणजे दोघांतला फरक जेमतेम दोन अंशांचा. हा फरक उघड व्हायला अंतर लागते. पुठ्ठ्याला अरुंद फट पाडून त्यातूनच ऊन लोलकावर घ्यावे आणि पडदा चार-पाच मीटर दूर ठेवावा, म्हणजे सुमारे पंधरा सेंटिमीटरची सुरेख वर्णपंक्ती मिळते.

न्यूटनने नेमके हेच केले होते. १६७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पत्रात भिंत २२ फूट दूर असल्याची नोंद आहे. त्याला चकित केले ते रंगांपेक्षा आकाराने. झडपेचे छिद्र गोल होते, सूर्य गोल आहे, मग भिंतीवरचा कवडसाही गोल हवा होता. प्रत्यक्षात तो रुंदीच्या पाचपट लांब होता. त्याचा अर्थ असा, की प्रत्येक रंग आपापला गोल कवडसा पाडतो, पण थोड्या वेगळ्या जागी, आणि एकाशेजारी एक बसलेल्या या गोलांचाच तो लांबट पट्टा. काच स्वतःच प्रकाशाला रंग देत असेल, ही शंका दूर करण्यासाठी त्याने पट्ट्यातला एकच रंग फटीतून पुढे जाऊ दिला आणि दुसऱ्या लोलकावर घेतला. तो रंग पुन्हा वळला, पण त्यातून नवे रंग निघाले नाहीत. काचच रंग देत असती तर दुसऱ्या लोलकानेही ते द्यायला हवे होते. शाळेत दोन लोलक असतील तर हा प्रयोग चुकवू नये.

"तानापिहिनिपाजा" हे सात रंगांचे सूत्र मुलांना पाठ असते. त्या सातांमध्ये काटेकोर सीमा नाहीत, रंग अखंड बदलत जातो, आणि सात हा आकडा न्यूटनने संगीतातल्या सात स्वरांशी जुळवून धरला होता, हे सांगितले की भिंतीवर पारवा रंग वेगळा न सापडल्याने खट्टू झालेली मुले निर्धास्त होतात. रंग वेगवेगळे का वळतात याचे उत्तर पुन्हा मैदानावरच्या रांगेत आहे. निर्वातात सर्व रंग एकाच वेगाने जातात, काचेत मात्र जांभळा प्रकाश तांबड्यापेक्षा किंचित अधिक मंदावतो, कारण जांभळ्या प्रकाशाची कंपने काचेतल्या इलेक्ट्रॉनांच्या नैसर्गिक कंपनांना जास्त जवळची असतात. साध्या काचेचा अपवर्तनांक तांबड्यासाठी सुमारे १.५१ तर जांभळ्यासाठी सुमारे १.५३ असतो. वाळूत जी रांग अधिक मंदावेल ती अधिक वळेल.

रंगीत तबकडी फिरवून पांढरा रंग दाखवण्याचा प्रयोग करावा, पण तबकडी राखाडी दिसेल हे आधीच मान्य करावे. खडूचे आणि कागदाचे रंग शुद्ध नसतात आणि ते बराच प्रकाश शोषून घेतात. परातीतल्या लाटेने हेच अधिक प्रामाणिकपणे दाखवलेले असते.

शेवटचा तास उन्हात, मैदानावर. दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्याकडे पाठ करून नळाच्या पाइपने बारीक तुषार उडवावेत. थेंबात शिरताना प्रकाश वळतो आणि रंग वेगळे होतात, थेंबाच्या मागच्या बाजूवरून त्यातला काही भाग परावर्तित होतो आणि बाहेर पडताना पुन्हा वळतो. हे परावर्तन पूर्ण आंतरिक परावर्तन असते, म्हणजे सगळाच प्रकाश आत परततो, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते, पण ते बरोबर नाही. किरण आत शिरताना जो अपवर्तन कोन करतो त्याच कोनाने तो मागच्या बाजूवर आदळतो, आणि हा कोन पाण्याच्या सुमारे ४९ अंशांच्या क्रांतिक कोनापेक्षा (ज्याच्या पुढेच सगळा प्रकाश आत परततो) नेहमीच कमी असतो. बराचसा प्रकाश मागून बाहेर निसटतो, जो थोडा परततो त्यातून धनुष्य होते.

तांबडा रंग सूर्याच्या विरुद्ध दिशेपासून, म्हणजे आपल्या डोक्याच्या सावलीपासून, सुमारे ४२ अंशांवर दिसतो आणि जांभळा सुमारे ४० अंशांवर. हे मोजायला उपकरण लागत नाही. हात ताठ लांब करून वीत पसरली, की अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत साधारण २० अंश होतात. डोक्याच्या सावलीवर अंगठा ठेवून दोन विती मोजल्या की बोट रंगांच्या पट्ट्यापाशी पोहोचते. सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांपेक्षा वर असेल तर पावसातले धनुष्य सपाट जमिनीवरून दिसत नाही, म्हणून आपल्याकडे ते सकाळी पश्चिमेला आणि संध्याकाळी पूर्वेला सापडते, भर दुपारी आकाशात कोणी शोधू नये.

विती मोजताना शेजारी उभ्या असलेल्या दोघांची हमखास जुंपते. एक म्हणतो धनुष्याचे टोक त्या कडुनिंबाच्या बुंध्यापाशी आहे, दुसरा म्हणतो बुंध्याच्या दोन हात डावीकडे. दोघांनी आपापल्या डोक्याच्या सावलीपासून पुन्हा मोजले, की दोघांच्याही दोन विती बरोबर भरतात. दोघांच्या सावल्या दोन, म्हणून धनुष्येही दोन, आणि एकाच्या डोळ्यात तांबडा प्रकाश पाठवणारा थेंब दुसऱ्याच्या डोळ्यात तो पाठवत नाही.